तरसाच्या अंगावरचे केस

तगरीदच्या वडिलांचं अम्मानच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, फरव्यांचं दुकान होतं. मेंढीच्या कातड्याचे, आतून लोकर असलेले पायघोळ अंगरखे. थंडी पडली की गावोगावची माणसं यायची आणि आल्या आल्या सगळी एकच गोष्ट करायची. आतली लोकर दोन बोटांनी फाकवायची आणि तिच्यावर फुंकर मारायची. लोकर खरी असेल तर मुळाशी कातडं दिसतं, नकली असेल तर विणलेलं कापड. वडील हसत हसत फुंकू द्यायचे. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की म्हणायचे, "हा बायकोच्या हातची भाकरीसुद्धा फुंकून बघत असणार." पण स्वतः कातडी विकत घ्यायला गेले की तेही तेच करायचे, आणि जरा जास्तच जोरात.

तगरीद त्या लोकरीच्या ढिगात वाढली. केस कुठे कसा वळतो, पाठीवरचा वेगळा, पोटाखालचा वेगळा, हे तिला अक्षरं येण्याआधी बोटांना कळलं. आणि त्याच दुकानात तिला दुसरीही एक गोष्ट कळली: समोरचा माणूस आपल्याला फसवायला निघालाय असं धरून चालायचं, म्हणजे फारसं चुकत नाही.

पुढे ती झर्काच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. नोकरी करता करता संगणकावर चित्रं काढायला शिकली. कागद, रंग, पाणी काही नको. टॅबलेट आणि पेन. प्राणी काढण्यात तिचा हात बसलेला. एकदा तिनं वाळवंटातल्या पांढऱ्या हरणाचं चित्र काढून इंटरनेटवर टाकलं, हौसेनं. वर्षभरात तेच हरीण तिच्याच शाळेतल्या मुलींच्या दप्तरांवर छापलेलं दिसू लागलं. चित्राखालचं तिचं नाव तेवढं कापलेलं. कोणी छापलं, कुठे छापलं, काही पत्ता लागला नाही. वर्गात शिकवताना ती पाठमोऱ्या मुलींच्या दप्तरांकडे बघत राहायची आणि तिला वाटायचं, यातल्या एकीच्या तरी बापाला माहीत असणार.

तेव्हापासून ती एकेक केस काढू लागली. हजारो केस, मुळापासून टोकापर्यंत. कोणी म्हणायला नको की हे फोटोवरून उचललं, हे यंत्रानं काढलं, हे कोणा दुसरीचं आहे. ज्याला फुंकर मारायची त्यानं खुशाल मारावी.

शाळा सोडून ती लुवेब्देच्या टेकडीवर लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मालकीण सित् मैसून, म्हणजे मैसूनबाई. साठीला टेकलेली, तोंडात कायम बडीशेप, बोलणं मऊ. तरुणपणी ती स्वतः पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पुढे नवरा गेला, धंदा अंगावर पडला आणि ब्रश सुटला. ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि एक गच्ची. तगरीद खिडकीशी बसायची, आणि तिची स्क्रीन भिंतीकडे वळवलेली असायची.

त्या हिवाळ्यात मैसूननं तरसाच्या गोष्टीचं पुस्तक घेतलं. तरसाची गोष्ट तिकडच्या प्रत्येक घरात असते. तरस वाटेत गाठतं, शेपटीनं मूत उडवतं, आणि ज्याच्या अंगावर ते पडलं तो भारला जातो. "याबा, थांब, याबा, थांब," असं बापाला हाक मारावी तसं ओरडत तो तरसाच्या मागून त्याच्या गुहेपर्यंत जातो. गुहेच्या तोंडाशी कपाळ आपटून रक्त आलं, तरच शुद्धीवर येतो. तगरीदची आई अजलूनकडची; तिच्या चुलत्याला तरसानं असं नेलं होतं, असं ती शपथेवर सांगायची.

पुस्तक मोठं, म्हणून मैसूननं मुंतसर नावाचा एक मुलगा घेतला. मुलगा कसला, तिशीला आलेला बाप्या. पण तगरीदपुढे मुलगाच. त्यानं डोंगर, झाडं, गुहा, आकाश काढायचं आणि तगरीदनं तरस.

पहिल्याच आठवड्यात तो चहाचे पेले घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिनं स्क्रीन झाकायच्या आत त्यानं बघितलं.

"मिस तगरीद, रागावू नका. हे तरस आहे की गालिचा?"

ती शिक्षिका होती हे कळल्यापासून तो तिला मिसच म्हणायचा.

"जमत नसलं की माणसं नावं ठेवतात," ती म्हणाली.

"जमत नाही हे खरंच आहे. एवढे केस काढायचे म्हणजे माझं मनगट मोडेल. पण जरा डोळे बारीक करून बघा. प्रत्येक केस ओरडतोय, मला बघा, मला बघा. मग तरसाला कोण बघणार?" त्यानं बोट दाखवलं, काचेपासून लांबूनच. "केस कुठे हवेत? आयाळीत. डोळ्याभोवती. पाठीच्या कडेला, जिथे मागचं आकाश लागतं. उजेड संपून सावली सुरू होते तिथे थोडे. बाकी अंग नुसत्या रंगात सोडून द्या. बघणाऱ्याचा डोळा उरलेले केस आपणच काढतो."

"आणि हे तू मला फुकट का सांगतोयस?"

मुंतसर हसला. तिला ते हसणं आवडलं नाही. त्यानं ठेवलेला चहा तिनं कुंडीत ओतला. तो परत जाताना तिच्या टेबलावरच्या कागदांवर नजर टाकून गेला असंही तिला वाटलं. फुकटचा सल्ला देणारा पुढे काय मागतो हे तिला माहीत होतं. आज केस कमी करा म्हणेल, उद्या मालकिणीला म्हणेल, एवढंसं काम, ते मीच करतो की.

मग एका सकाळी तिनं फाइल उघडली आणि तिचा हात थांबला. तरस होतं, पट्टे होते. पण बरगड्यांवरचे, मांडीवरचे, पोटावरचे केस गेले होते. तिथे नुसता राखाडी-पिवळा रंग पसरलेला, मऊ, एकावर एक चढवलेला. आयाळ तेवढी शाबूत होती.

तिनं आरडाओरडा केला नाही. फाइल ऑफिसच्या मोठ्या संगणकावर असायची, जिथून सगळ्यांना दिसायची. तिनं मुंतसरकडे बघितलं. तो कानात गाणं घालून ढग काढत होता. गुन्हेगार माणूस इतका निवांत बसतो का, असा विचार तिच्या मनात आला. आणि लगेच दुसरा आला, की खरा गुन्हेगारच इतका निवांत बसतो.

तिनं सगळे केस पुन्हा काढले. पासवर्ड बदलला. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये ठेवली. दुपारी सगळे गच्चीवर जेवायला गेले की ती खाली बसून काअक, म्हणजे तीळ लावलेला पाव, आणि उकडलेलं अंडं खायची, डोळा मुंतसरच्या खुर्चीवर. तो वर बोलवायला आला, "मिस, ऊन आलंय, या की," तेव्हा तिला वाटलं, हा मला इथून उठवायला बघतोय.

आणि तरीही पुन्हा तेच झालं. सकाळी फाइल उघडली तर बरगड्यांवरचे केस नाहीत.

या वेळी ती सरळ मधल्या खोलीत गेली. मैसून होती, हिशेब बघणारी बाई होती, छपाईचे नमुने घेऊन आलेला प्रेसचा माणूस होता. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "सित् मैसून, माझ्या कामावर कोणीतरी हात फिरवतंय. आणि केस कुठे ठेवायचे, कुठे काढायचे याचं व्याख्यान या ऑफिसात मला एकाच माणसानं दिलंय."

मुंतसर दारात येऊन उभा होता. "मी?"

"मी नाव घेतलं नाही."

"घ्यायचं काय राहिलं?" त्यानं मैसूनकडे बघितलं. "सित्, मी मिसच्या फाइलला हात लावलेला नाही. आईशपथ."

मैसून बडीशेप चघळत राहिली. मग मऊ आवाजात म्हणाली, "मुंतसर, तुझे डोंगर झालेच आहेत जवळपास. तू थोडे दिवस घरी बस. जरा शांत होऊ दे. मी फोन करते."

 त्यानं पेन, हेडफोन आणि खुर्चीवरचा मफलर घेतला आणि गेला. जाताना तगरीदच्या टेबलापाशी थांबला. "मिस, तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

ती घरी आली. आई शेगडीपाशी बसून मरमियाची सुवासिक पानं घातलेला चहा पीत होती. तगरीदनं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्यानंच केलं?"

"दुसरं कोण करणार?"

"मी कुठे काय म्हणते. नुसतं विचारलं." घोट घेऊन ती पुढे म्हणाली, "पण पोरी, तू महिनाभर तरसाच्या मागे आहेस. भारलेल्या माणसाला आपण भारलोय हे कळत नसतं."

तगरीदला राग आला. पण त्याहून जास्त आपल्याला राग का आला याचा तिला राग आला.

पर्समधल्या प्रतीवरून तिनं फाइल पूर्ववत केली. मुंतसर नव्हता. ऑफिस शांत होतं. ती पहिल्यांदा गच्चीवर जाऊन जेवली. आणि आठवडा संपायच्या आत, एका सकाळी, तरसाच्या बरगड्यांवरचे केस तिसऱ्यांदा गेले.

 आधी वाटलं, मुंतसरकडे किल्ली असणार. मग वाटलं, घरून करतोय. मग हिशेबवालीचा संशय आला, मग प्रेसच्या माणसाचा, आणि शेवटी स्वतःचा. आपणच करतोय आणि आपल्यालाच आठवत नाही, असं तर नाही? हा विचार आल्यावर मात्र तिनं खुर्ची पुढे ओढली. जे तिला येत होतं ते तिनं केलं. पर्समधली प्रत आणि बदललेली फाइल शेजारी शेजारी उघडली आणि चित्र इतकं मोठं केलं की एकेक केस दोरीएवढा झाला.

ज्यानं हे केलं होतं त्यानं नुसतं पुसलं नव्हतं. रंगाच्या कडेला, पट्टा फुटतो तिथे, थोडे नवे केस काढले होते. मोजके, पण बरोबर जागी. आणि त्यांचा बाक उलटा होता. मनगट टेकवून झटक्यानं रेघ ओढली की ती थोडी वाकते. उजव्या हाताची एका बाजूला, डाव्या हाताची दुसऱ्या. तगरीदचे सगळे केस एका बाजूला वाकत होते. मुंतसर उजवाच, त्याची गवताची पातीही तशीच वाकलेली. हे नवे केस दुसऱ्या बाजूला वाकत होते.

ऑफिसात डाव्या हातानं सही करणारं एकच माणूस होतं. तेच सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायचं. आणि मोठा संगणक त्याच्या मालकीचा होता. तगरीदच्या पासवर्डचं त्याला काय पडलं होतं?

ती मधल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"सित् मैसून, तुम्ही अजून छान काढता."

मैसूननं चष्मा काढला. नाकारायचा विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन गेला, तो तगरीदनं बघितला.

"बस," मैसून म्हणाली.

"उभीच बरी आहे."

"तुला सांगायची सोय होती का, तगरीद? मागच्या पुस्तकात उंटाचे कान जरा लहान कर म्हटलं, तर आठवडाभर मला विचारत होतीस, हे कोणी सांगितलं, कोणाचं म्हणणं आहे. कान लहान झालेच नाहीत. मी तरसाची पानं माझ्या नातीला दाखवली. ती म्हणाली, तेता, हे ब्रशचं चित्र आहे का, भांडी घासायच्या? काय करू मी? मुंतसर म्हणत होता तेच मलाही दिसत होतं. तुला म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्यानं माझे कान भरले."

तगरीद तसंच म्हणाली असती. ते तिला ठाऊक होतं आणि म्हणून तिनं विषय मुंतसरकडे वळवला.

"आणि मुंतसर? तो दारात उभा राहून आईची शपथ घेत होता. तुम्ही बडीशेप खात होतात."

"त्याला मी परत बोलावणारच होते."

"कधी?"

"पुस्तक छापून झालं की."

"पुस्तकात त्याचं नाव आहे?"

मैसूननं चष्मा पुसायला घेतला. नाव नव्हतं. काम अर्ध्यात सोडून गेला म्हणून काढलं होतं.

तगरीदच्या डोळ्यांसमोर ती सकाळ उभी राहिली. आपण संशयाची थैली आणून टेबलावर ठेवली आणि या बाईनं ती अलगद उचलून दुसऱ्याच्या गळ्यात अडकवली. मैसून खोटं एक अक्षरही बोलली नव्हती. बोलायची गरजच पडली नव्हती. सगळं तगरीदच बोलली होती.

"नाव घाला," ती म्हणाली. "आणि त्याला फोन करून सांगा, तुम्ही केलंत म्हणून."

"करते. संध्याकाळी करते."

टेबलावर प्रेसमधून आलेलं नमुन्याचं पान पडलेलं होतं. तिला बघायचं नव्हतं, पण नजर गेली. गुहेच्या तोंडाशी तरस उभं होतं, मान खाली, आयाळ ताठ. आयाळीचा केस न् केस तिनं काढलेला, काळा, टोकाशी उजळ. त्याखाली अंग नुसतं रंगात, आणि त्या रंगात बरगड्या हलताहेत असं वाटत होतं. तिनं डोळे बारीक केले. तरसानं तिच्याकडे बघितलं. चित्र चांगलं झालं होतं आणि तिला तेच सोसवेना. वाईट झालं असतं तर ती दार आपटून घरी गेली असती.

मैसून संध्याकाळी फोन करील यावर तिचा विश्वास बसला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती स्वतःच निघाली. वादी सीरला मुंतसरच्या भावाचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या काचांवरचे स्टिकर. दोन टॅक्सी बदलून ती पोचली तेव्हा मुंतसर एका मालट्रकच्या मागच्या दारासाठी गरुड काढत होता. मालट्रकचा मालक खांद्यावर वाकून सांगत होता, "पीस न् पीस दिसलं पाहिजे हं. मागून येणाऱ्याला मोजता आलं पाहिजे."

मुंतसरनं तिला बघितलं आणि पेन खाली ठेवलं नाही.

"सित् मैसूननं पाठवलं?"

"नाही. तिचा फोन आला होता?"

"कोणाचा फोन?"

तिला वाटलंच होतं. तिनं सांगितलं; केस, डावा हात, मैसूनची नात, सगळं. तो ऐकत होता, पण तिच्याकडे न बघता, तिच्या पर्सकडे बघत, जणू तिथून आणखी काहीतरी निघणार आहे.

"मग तुम्ही का आलात?"

"माझं चुकलं, हे सांगायला."

"हे फोनवर सांगता आलं असतं."

"फोनवर तू विश्वास ठेवला असतास?"

"आत्ता ठेवलाय असं कोण म्हणालं?" त्यानं आता तिच्याकडे बघितलं. "मिस, बोललात सगळ्यांसमोर आणि माफी मागताय कोपऱ्यात. बलदमध्ये तुमच्या वडिलांचं दुकान होतं ना? असा व्यवहार करायचे ते?"

ते तिला लागलं. ती वळली. दुकानात भाऊ होता, मालट्रकवाला होता, शेजारचा पंक्चरवाला शेगडीशी हात शेकत उभा होता. तगरीद घसा खाकरून वर्गात बोलावं तशी बोलली. "ऐका. या मुलावर मी चोरून काम बिघडवल्याचा आळ घेतला. त्यानं काही केलं नव्हतं. माझ्यामुळे त्याचं काम गेलं. हे तुम्हा सगळ्यांना माहीत असावं म्हणून सांगते."

कोणाला काय करावं ते कळेना. पंक्चरवाला म्हणाला, "अल्ला माफ करो," आणि बाहेर गेला. भावानं खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला. मालट्रकवाल्यानं मुंतसरला विचारलं, "ही बाई पण चित्रं काढते? मग हिला विचार, पिसं पुरेशी आहेत का."

मुंतसरच्या ओठाचा एक कोपरा हलला. "विचारा. तिला कमीच वाटतील."

तगरीदनं चहा घेतला. या वेळी प्याली. गरुडाकडे बघून ती म्हणाली, "पंखाच्या कडेला बास आहेत. छातीवरची निम्मी काढ."

"निम्मी?" मालट्रकवाला म्हणाला. "पैसे पण निम्मे देऊ?"

मुंतसर मैसूनकडे परत गेला नाही. मैसूननं पुढे फोन केला, गोड बोलली. त्यानं ऐकून घेतलं आणि भावाच्याच दुकानात राहिला. पुस्तकावर मात्र दोघांचीही नावं आली, कारण छपाईच्या दिवशी तगरीद प्रेसमध्ये जाऊन पहिलं पान हातात घेईपर्यंत हलली नाही. तिनं मैसूनचं काम सोडलं नाही. आई म्हातारी, घर चालायला हवं. पण घरून करू लागली, आणि मैसूननं पाठवलेलं प्रत्येक पान आजही आपल्या प्रतीशी लावून बघते. चित्रांत केस कमी झाले. वाळवंटातल्या रानमांजराचं पुस्तक तिनं त्यानंतर केलं. कानांच्या टोकांना आणि मिशांपाशी केस, बाकी अंग वाळूच्या रंगात मोकळं. कुठे थांबायचं हे अजून तिला सहज कळत नाही. हात पुढे जातच राहतो, मग ती खुर्चीवरून उठते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघते, आणि परत येऊन काल काढलेलं आज पुसते.

मुंतसरशी तिचं बोलणं आहे. तो अधूनमधून आपलं चित्र पाठवतो, घोडा, कुत्रा, कधी कोणाच्या ट्रकवरचा सिंह, आणि खाली लिहितो, कुठे जास्त झालं? ती लाल गोल करून परत पाठवते. मग ती आपलं पाठवते. दोघंही पाठवतात ते पक्कं केलेलं चित्र. ज्यातून रंगाचे थर एकेक करून उघडता येतील अशी मूळ फाइल त्यानं तिला कधी दिलेली नाही, आणि तिनंही त्याला नाही.